जिन्यातला फोन

मुसा दुबईहून कायमचा रोह्याला परतला आणि महिन्याभरातच जमिलाच्या मनात पाल चुकचुकली. बिल्डिंगला लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. पण दुकानातून आलेला नवरा सरळ घरात येईल तर शपथ! रोज अर्ध्या जिन्यात थांबायचा, फोन कानाला लावायचा आणि हळू आवाजात नुसतं "हां... हां..." करायचा. म्हणजे बोलणारी पलीकडचीच!

"कोणाचा फोन व्हता?"

"दुबईचा. जुना शेठ."

काल म्हणाला होता, पेणचा व्यापारी.

आज जमिला दाराआड टपूनच बसली. खालून "हां... हां..." ऐकू आलं, तसा तिनं आपल्या मोबाईलवरून त्याचाच नंबर लावला. बिझी लागला की जाऊन धरायचाच.

खणखणीत रिंग वाजली. मुसाच्या कानातच.

ती तरातरा खाली उतरली. मुसा कठड्याला रेललेला, शर्ट घामानं भिजलेला, पोटावरची बटणं ताणलेली.

"मग बोलत कोणाशी व्हता?"

"कोणाशी नाय गो," तो धापा टाकत म्हणाला. "दम लागतो. चाळिशीत असा मधेच उभा दिसलो, तर लोक काय बोलतील?"

जमिलाचा जीव भांड्यात पडला. "चला वर," म्हणत ती ऐटीत पुढे निघाली आणि चार पायऱ्या चढून कठडा धरून थांबली. तेवढ्यात शेजारच्या रिझवानाचं दार उघडलं.

जमिलानं घाईघाईनं फोन कानाला लावला.

"हां... हां..."