ब्रेकचा दिवस

युनियनच्या अर्जावर सह्या करायला दवाखान्यातल्या आम्ही बारा आया शेवंतामावशींच्या ओट्यावर जमलो, पण पेन नुसतंच या हातातून त्या हातात फिरत होतं.

नगरपालिकेच्या दवाखान्यात आम्ही कंत्राटी. कायम करावं लागू नये म्हणून दर अकरा महिन्यांनी आम्हाला एक दिवस कामावरून कमी करतात आणि दुसऱ्या दिवशी नव्याने घेतात. आज तोच ब्रेकचा दिवस; एरवी तो आम्ही झोपून काढतो.

"युनियन केली म्हणून काढून टाकलं तर?" वैजयंता म्हणाली.

मावशी गुडघ्याला तेल चोळत होत्या. "आज काढलेलंच आहे की. आणखी किती काढतील?"

हसायचंही त्राण नव्हतं, तरी हसलो. सह्या झाल्या. 'कामावर लागल्याची तारीख' या रकान्यात सगळ्यांनी सवयीने गेल्या वर्षीची, शेवटच्या ऑर्डरवरची तारीख घातली.

मावशींनी सगळ्यात शेवटी पेन घेतलं. एकोणीस वर्षांपूर्वीची तारीख लिहिली आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.

वैजयंताने त्यांच्या हातातून पेन हळूच काढून घेतलं. तिची आठ वर्षं लिहायची राहिली होती.