मारेन आजीचं गाणं

थेननं हात खाली केला आणि सगळा गायकवृंद ओळीच्या मधेच थांबला. “आईनं मूल बर्फात ठेवलंय,” तो म्हणाला, “आणि तुम्ही मॅच जिंकल्यासारखे ओरडताय. हे हळू म्हणायचं गाणं आहे.”

ब्रदर थेन जॉर्गेन्सन शहरात संगीत शिकून गावात नुकताच परतला होता. त्याचं चुकत नव्हतं. गाणं शोकाचं होतं, पण यूटामधल्या त्या खोऱ्यात ते पहिल्यापासून छाती फुटेस्तोवर म्हटलं जायचं. का, ते कोणी विचारलं नव्हतं.

हे गाणं ज्यात होतं ते पूर्वजांचं नाटक दर चोवीस जुलैला, पहिले मॉर्मन यूटात पोचले त्या दिवशी, व्हायचं, चर्चच्या मोठ्या हॉलमध्ये, बास्केटबॉलच्या जाळीखाली. काम मागावं लागत नसे. ज्याचा जो पूर्वज, त्यानं तो करायचा. मारेन ही डेन्मार्कहून आलेली बाई. नवऱ्याबरोबर हातगाडी ओढत तिनं माळरान तुडवलं. वाटेत तिचं तान्हं मूल थंडीनं गेलं. ते बर्फात ठेवून ती पुढे चालत राहिली. पुढे तिला झालेल्या मुलांपासून अर्धं गाव वाढलं, आणि उरलेलं अर्धं लग्नांमुळे तिचंच झालं. इतकी वर्षं मारेन नेड्राआत्या करायची. आता तिचे गुडघे गेले होते, म्हणून ती गायकांत बसली आणि मारेन तिच्या भाचीकडे, आर्विलाकडे आली.

आर्विलाची मुलगी अजून अंगावर पीत होती. तालमीत मुलाच्या जागचं बाहुलं खाली ठेवल्यावरही आर्विला परत परत मागे वळून बघायची. जमणार नाही, असं ती नवऱ्याला एकदा म्हणाली होती. पण त्या गावात एक वेळ चर्चच्या प्रमुखाला, बिशपला नाही म्हणता येतं, मारेनला नाही. शिवाय आपणही मारेनच्या रक्ताला शोभतो, हे नेड्राआत्याच्या तोंडून ऐकायची तिला फार इच्छा होती.

हळू की मोठ्यानं, हा प्रश्न बिशपनं रीतीप्रमाणे सगळ्यांपुढे ठेवला. हळू म्हणायला संमती असलेल्यांनी उजवा हात वर करावा. हात वर झाले. विरोध असलेल्यांनीही तसंच करावं. विरोधात हात वर गेल्याचं मॉर्मन माणसानं कधी पाहिलेलं नसतं, तेव्हाही गेला नाही. नेड्राआत्याचे हात मात्र दोन्ही वेळा मांडीवरच होते. आर्विलानं ते पाहिलं आणि आत्याचा खांदा धरला असेल, असं समजून सोडून दिलं.

चोवीस तारखेला हॉल खच्चून भरला. उकाड्यानं जीव नकोसा झाला होता. प्रार्थना झाली, पडदा उघडला. वरून पाकिटातल्या वाळवलेल्या बटाट्याचा चुरा बर्फ म्हणून पडायला लागला. आर्विलानं शालीत गुंडाळलेलं बाहुलं त्या ढिगात ठेवलं, वर चुरा लोटला आणि हातगाडीचा दांडा धरला. गाणं सुरू झालं. इतकं हळू आणि इतकं सुंदर की ऐकायला माणसं खुर्चीत पुढे सरकली.

आणि त्या शांततेत मूल रडताना ऐकू आलं.

तिला वाटलं, आपलीच मुलगी. तिनं हॉलमध्ये पाहिलं. मुलगी दुसऱ्या रांगेत सासूच्या खांद्यावर तोंड उघडं टाकून झोपली होती. लोक माना वळवून शोधत होते. एकानं खुर्चीखाली वाकून पाहिलं. आवाज पाठीमागून येत होता, बर्फाच्या ढिगातून. खूप वेळ रडून दमलेल्या, तरी आशा न सोडलेल्या बाळाचा.

“चल,” शेजारी दांडा ओढणारा डेल्विन ओठ न हलवता म्हणाला. तो तिचा नवरा झाला होता, नाटकातला.

ती एक पाऊल चालली. रडणं वाढलं. तेवढ्यात गायकांच्या पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायकांनी एकदम गळे सोडले. थेन हात हलवून त्यांना आवरत होता, पण त्याच्याकडे कोणी बघेना. त्या समोरच्या भिंतीकडे बघत गात होत्या, जीव खाऊन, आणि रडणं बुडत चाललं. त्यांच्यातली एकही दचकलेली नव्हती. तेव्हा आर्विलाला कळलं, की हे त्यांना नवीन नाही.

तिच्या छातीला पान्हा फुटला. झग्याचा पुढचा भाग ओला झाला. तिनं दांडा सोडला. गाडी डेल्विनच्या पायावर कलंडली, पण ती थांबली नाही. ढिगाशी गुडघे टेकून तिनं दोन्ही हातांनी चुरा उकरला आणि शालीतलं गाठोडं उचलून छातीशी धरलं. कापडाचंच होतं, लोकर भरलेलं, आणि बर्फासारखं गार. हळूहळू ते ऊबदार झालं. रडणं थांबलं. मग गाणंही थांबलं, एकेक गळा करत. कोणीतरी पडदा ओढला.

नेड्राआत्या भिंतीला धरत धरत आत आली. आर्विला अजून खालीच बसून बाहुल्याला थोपटत होती.

“तुला ऐकू यायचं?” तिनं विचारलं.

“दर वर्षी.”

“मग उचललं का नाहीस, आत्या?”

नेड्राआत्यानं हात पुढे केला, पण शालीला लावला नाही.

“उचलायचं म्हणजे, मारेन आजीनं ते जिवंतच टाकलं होतं, हे कबूल करावं लागलं असतं.”