पाहुण्यांसमोर स्पॅनिश

"गाणं येत नाही तिला, पण स्पॅनिश फाडफाड म्हणते," बाबांनी मुलाकडच्यांना सांगितलं. "म्हण गं, रोज घोकतेस ते!"

मला लग्न नको होतं, शिकायला स्पेनला जायचं होतं. वैतागून मी 'बोलणे' या क्रियापदाची संकेतार्थी भूतकाळातली रूपं काढली. म्हटलं, मंडळी पोहे टाकून पळतील.

"आब्लारा, आब्लारास, आब्लारा, आब्लारामोस..." इथे मी अडकले.

मुलाच्या आजींनी डोक्यावर पदर घेऊन हात जोडले होते. मग सगळ्यांनीच जोडले. बाबांनीसुद्धा!

"पुढे?" आजींनी हळूच विचारलं.

"पुढचं स्पेनलाच शिकवतात. दोन वर्षं लागतात!" मी चिडून म्हणाले.

"मग आधी तिकडे जा, बाई. स्तोत्र अर्धवट सोडलं की बाधतं. लग्न काय, होईल नंतर."