तीन ठोके, मग दोन

"पाइप आहे तो. गार पाण्यात लोखंड आकसतं आणि ठोकतं. आत माणूस-बिणूस कोणी नाही," म्हातारा उशीला टेकून म्हणाला.

"तीन ठोके, मग थांबून दोन. पाइप मोजून ठोकतो होय?" म्हातारीनं विचारलं.

खोलीतले सगळे हसले. रविवारच्या दुपारी मालिकेचा सातवा भाग नुकताच संपला होता. समुद्राच्या तळाशी सापडलेली पाणबुडी, न उघडणारं दार आणि दर भागाच्या शेवटी आतून ठोके. भाग एकूण तेरा. इमारतीतली मंडळी बघायला यांच्याकडेच जमत, कारण म्हाताऱ्याला आता खाटेवरून उठवत नव्हतं आणि त्याच्याशिवाय वादाला रंग नव्हता.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, शाळेतल्या बाईंच्या मते कप्तानानं सगळ्यांना विष घातलं होतं. लाँड्रीवाला म्हणे, पाणबुडी खरी नाहीच, सगळं एका वेड्याच्या डोक्यात चाललंय.

"तुझ्या इस्त्रीची वाफ गेलीय तुझ्या डोक्यात," म्हातारा म्हणाला आणि त्याला खोकल्याची अशी उबळ आली, की सगळे खाली बघत बसले.

त्यानं चाळीस वर्षं प्लंबरचं काम केलं होतं. तिनं तीस वर्षं एका कचेरीत टायपिस्ट म्हणून काढली होती. कचेरीनं मोडीत काढलेलं मशीन ती घरी घेऊन आली होती आणि शेजाऱ्यांचे अर्ज त्याच्यावर टाइप करून देई. प्रत्येक कागदाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, स्वतःच्या नावाची दोन बारीक अक्षरं. कचेरीची शिस्त होती ती. हाताला लागलेली.

डॉक्टरांनी तिला दाराबाहेर बोलावून सांगितलं, "महिना. फार तर."

तिनं मनाशी हिशेब केला. मालिकेचे अजून सहा रविवार उरले होते.

"शेवट कळल्याशिवाय मी काही जात नाही," म्हातारा त्याच संध्याकाळी म्हणाला. तो थट्टेनं म्हणाला. तिनं ते मनाला लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपाउंडर इंजेक्शन द्यायला आला. ती गरम पाणी घेऊन आली तेव्हा म्हातारा हळू आवाजात काही सांगत होता आणि कंपाउंडर गुडघ्यावर वही ठेवून लिहीत होता. ती दिसताच वही मिटली.

"औषधांची यादी, काकू."

त्या दुपारी तिनं मालिका करणाऱ्यांना पत्र लिहिलं. माझे पती शेवटच्या भागापर्यंत राहतील असं वाटत नाही. शेवट काय ते कळवा. त्यांच्याखेरीज कोणाला सांगणार नाही.

आठवडा गेला. मग दुसरा गेला. ती रोज जिन्यात उभी राहून पोस्टमनची वाट बघायची.

"आलं की पहिलं तुमच्या हातात, काकू," तो मान हलवत म्हणायचा.

दहावा भाग म्हाताऱ्यानं डोळे मिटूनच ऐकला. दुसऱ्या दिवशी तिनं स्वयंपाकघराचं दार लोटून मशीनवर कागद चढवला.

"कुणाचा अर्ज गं?" बाहेरून क्षीण आवाज आला.

"बाईंचा. बदलीचा."

पाणबुडी रिकामी निघते, तिनं लिहिलं. ठोके सुटलेल्या पाइपाचे असतात. 'रिकामी' या शब्दापाशी तिची बोटं अडली. आत माणूस आहे, हे तिचं अगदी मनापासूनचं मत होतं. पण जिंकायचं कोणी, हे तिनं ठरवलं होतं.

सकाळी तिनं पत्र वाचून दाखवलं. म्हाताऱ्यानं चष्मा मागितला. कागद हातात धरून, खालच्या कोपऱ्यावर अंगठा ठेवून तो बराच वेळ बघत राहिला.

"बघ! चाळीस वर्षं काय उगाच नळ ठोकले?"

"जिंकलात. झालं समाधान?"

"झालं. पण शेवटचा भाग तू बघायचा. मी असो, नसो."

"आता कळलंय की सगळं. कशाला?"

"अगं, हरलेल्यानं शेवटपर्यंत बसायचं असतं. दे वचन."

तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. त्यानं पत्र उशीखाली सारलं. चौथ्या दिवशी तो गेला.

तेराव्या भागाला मंडळी आली, पण खाटेकडे कोणी बघेना. टीव्ही लावायचं तिच्या जिवावर आलं होतं. वचनासाठी लावला.

दार कापलं गेलं. बॅटरीचा झोत आत शिरला. दाढी वाढलेला एक खलाशी भिंतीला टेकून बसला होता. हातात पाना. उजेड सहन न होऊन त्यानं डोळे मिटून घेतले.

"जिवंत!" लाँड्रीवाला ओरडला. "काकू, तुमचंच खरं निघालं!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिचे हात मांडीवरच राहिले. जन्मभर त्याच्याशी खोटं बोलली नव्हती. एकदाच बोलली, तेही तो जाताना. मनातलं होतं तेच टाइप केलं असतं, तर तो खरा शेवट घेऊन गेला असता.

मंडळी पांगली. कंपाउंडर तेवढा मागे थांबला. त्यानं खिशातून पाकीट काढलं.

"काकांनी सांगितलं होतं, शेवटचा भाग संपला की द्यायचं."

आत दोन कागद होते. पहिला तिचाच. तळाशी, डाव्या कोपऱ्यात, तिच्या नावाची दोन बारीक अक्षरं. त्यांच्याभोवती पेन्सिलीचा गोल.

दुसरा मालिका करणाऱ्यांचा, दवाखान्याच्या पत्त्यावर आलेला. तारीख तिच्या कागदाच्या आठ दिवस आधीची.

'आपला अंदाज चुकला, क्षमस्व. पाणबुडीत माणूस जिवंत आहे. आपल्या पत्नीचंच म्हणणं बरोबर. आपल्यामागे त्यांना वाट बघायला काहीतरी उरावं, ही आपली इच्छा आम्ही जपू. आपण म्हणाला होता तसं त्यांचंही पत्र आलं आहे. आपल्या सांगण्याप्रमाणे त्याला उत्तर पाठवत नाही.'