झाकारियाला अठरा पूर्ण

मेस्सेर झाकारियांना कारभारातून सुटका हवी होती. व्हेनिसच्या सरदारांच्या सभेत, जिथे प्रत्येकाला 'मेस्सेर' म्हणतात, ते इतकी वर्षं बसत होते, की त्यांचं खरं वय कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यांना स्वतःलाही नाही.

"सत्तरी भरली म्हटलं की सोडतात रे, ओर्सातो," ते मला म्हणाले. "शोध काहीतरी. गुडघे तर शंभरीचे झालेत."

मी कारकून असलेल्या नोंदणी कचेरीत वयाचा पुरावा एकच. दरवर्षी सेंट बार्बराच्या दिवशी बाप येऊन त्या वर्षाच्या वहीत शपथ लिहितो, की माझ्या मुलाला आज अठरा पूर्ण झाली.

त्यांच्या वडिलांची शपथ सापडली. मग त्याआधीच्या वहीतही तीच सापडली आणि नंतरच्याही. "माझ्या झाकारियाला आज अठरा पूर्ण." पानांचा भुगा होत चाललेल्या सगळ्यात जुन्या वहीतही तेच अक्षर होतं.

"बाबांचंच आहे," मेस्सेर हळूच हसले. "मी मोठा झालेलं त्यांना बघवायचंच नाही. यंदाची वही बघ."

आज सेंट बार्बराचा दिवस होता, पण अजून कुणीच आलं नव्हतं. मी नवी कोरी वही उघडली. पहिल्याच ओळीत तेच अक्षर होतं, आणि ओली शाई बोटाला लागली.

मेस्सेर माझ्या पाठीमागच्या बंद दाराकडे बघत होते.

"बाबा," ते म्हणाले, "आता तरी म्हातारं होऊ द्या ना."