डावी मोहरी

नवऱ्याच्या पँटी लग्नापासून तीच शिवायची. शिंपीणच होती ती. तरुणपणी अपघातात त्याचा खुबा मोडला, वाकडा जुळला आणि डावा पाय आखूड राहिला. पँट लोळू नये म्हणून ती डावी मोहरी दोन बोटं वर दुमडायची. पुढे खुबा झिजला, जिना चढणं मुश्कील झालं, तेव्हा कुठे तो सांधा बदलायला तयार झाला. डॉक्टर म्हणाले, “पाय सारखे होतीलच असं नाही.” काठी सुटली त्या आठवड्यात तो तिला कपड्यांच्या दुकानात घेऊन गेला आणि तयार पँट घालून आरशासमोर उभा राहिला. ती सवयीने टाचण्या घेऊन खाली बसली. उजवी मोहरी बुटाला टेकली होती, डावीही टेकली होती. “कमी-जास्त आहे का गं?” “नाही हो.” “मग ऊठ ना, लोक बघतायत.” “बघू देत. मलाही जरा बघू द्या.”