खाडीची चव

वरच्या धरणाचे दरवाजे उघडल्यापासून सूनबाईचा जीव खाडीतल्या कालवांत अडकला होता. पाणी गोडं झालं की कालवं शिंपले घट्ट मिटून उपाशी बसतात आणि तशीच मरतात. सासऱ्यांनी नेहमीसारखं कपभर पाणी चाखलं. "खारट आहे. कालवांच्या टोपल्या इथंच राहू देत." उरलेला घोट तिनं घेतला, तेव्हा ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. पाणी चक्क पिण्यासारखं होतं. उभी हयात ज्या जिभेच्या भरवशावर कालवं वाढली, ती जीभच गेली होती. "खारट आहेच, बाबा," ती म्हणाली, "पण समुद्राकडच्या बाजूला नेऊया. तिथं जोमानं वाढतील." टोपल्या होडीत चढल्यावर त्यांनी कप तिच्या हातात दिला. "उद्यापासून तूच चाख, पोरी. काल जेवणात मीठ नव्हतं, तेही मला लेकाच्या चेहऱ्यावरूनच कळलं."